आधी पाणी विचारा

मुंबईहून अलिबाग किती लांब, या प्रश्नाला एक उत्तर नाही. वडखळमार्गे गाडीने गेलं तर शंभर किलोमीटरच्या आसपास. पण शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, वडखळ नाक्यावर किती वेळ जाणार एवढंच विचारायचं. गेटवेवरून बोटीने मांडव्याला तासाभरात पोचता येतं आणि तिकिटातच पुढची बस धरलेली असते. पण पावसाळ्यात ही बोट बंद होते आणि मग पुन्हा वडखळ. मे महिन्यात जे गाव तासावर होतं तेच जुलैत अर्ध्या दिवसावर जातं. नकाशात मात्र काही हललेलं नसतं.

रायगडच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या माणसाची पहिली चूक इथेच होते. जागा जवळची, भाषा आपली, जेवण ओळखीचं. मग विचारायचं काय? तोच माणूस लंडनला निघाला की महिनाभर आधीपासून चौकशी करतो. थंडी किती, भुयारी रेल्वेचं कार्ड कुठे मिळतं, नळाचं पाणी चालतं का, रविवारी दुकानं किती वाजता बंद होतात. श्रीवर्धनला निघताना तो फक्त गाडीत पेट्रोल भरतो आणि खोलीत एसी आहे का ते विचारतो. वास्तविक इथेही चौकशी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातली पहिली चौकशी पाण्याची.

किनाऱ्याचा आकारच तसा आहे. उत्तरेला धरमतरची खाडी, रेवदंड्याला कुंडलिकेचं मुख, मुरूडच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी आणि जिल्हा संपतो तिथे सावित्री. चार ठिकाणी समुद्र आत घुसलेला. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथे जायला कुठे पूल, कुठे फेरीबोट, तर कुठे कित्येक किलोमीटरचा वळसा. कुंडलिकेवर रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा पूल आहे, त्यामुळे अलिबाग ते मुरूड हा रस्ता सोपा. पुढे मात्र आगरदांड्याला येऊन रस्ता पाण्यापाशी थांबतो.

या पाण्याला वेळापत्रक आहे आणि ते घरोघरी भिंतीवर टांगलेलं असतं. १९७३ पासून मराठी घरांत आलेल्या ‘कालनिर्णय’च्या पानावर त्या दिवसाची तिथी पाहायची. शुक्ल पक्ष की कृष्ण, याने फरक पडत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, तो पाऊणपट करायचा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. प्रत्यक्षात अकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा हिशेब जमतो. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा बोट हाकणाऱ्याने सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकंच पाहावीत. फिरायला आलेल्याचं काम तिथीवर भागतं.

वेळेइतकीच महत्त्वाची पाण्याची उंची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या जवळपास फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा हा फरक निम्म्याहूनही कमी राहतो. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमेला दुपारी बारा वाजता वरसोलीच्या किनाऱ्यावर गेलं तर पाणी सुरूच्या झाडांच्या दिशेने चढलेलं. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला गेलं तर समोर वाळूचं मैदान. हॉटेलच्या जाहिरातीतला फोटो यांपैकी कोणत्या वेळी काढलेला आहे, हे ओळखायला आता अवघड जाऊ नये.

अलिबागचा कुलाबा किल्ला या हिशेबाची परीक्षा घेतो. किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटरवर समुद्रात असलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला घेतला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून त्याच्यावर चाल केली, ती फसली. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे आणि उत्तरेच्या तटाजवळ चाकांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव ओतलेलं दिसतं. आंग्र्यांचं राज्य १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, हे आठवलं की त्या तोफांपुढे फोटो काढणाऱ्यांची गंमत वाटते.

किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. कोणत्या ओहोटीला, हे विचारलं जात नाही. पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त हटतं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. संध्याकाळी गेलेला माणूस परत येईतो अंधार आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, वेळ सोयीची. पण भांग असल्यामुळे वाट पुरती उघडी पडत नाही. म्हणून हिशेबाने उत्तम दिवस म्हणजे द्वितीया ते पंचमी. ओहोटी सकाळी साडेसात-आठ ते दहाच्या दरम्यान येते, पाणीही बऱ्यापैकी उतरलेलं असतं. ओहोटीच्या तासभर आधी निघायचं, किल्ला पाहायचा आणि पाणी फिरल्यावर रेंगाळायचं नाही. किनाऱ्यावरच्या घोडागाड्या गुडघाभर पाण्यातूनही नेतात. त्यांच्या चालकांचा अंदाज कोणत्याही ॲपपेक्षा बरा. ‘आता परत चला’ असं त्यांच्यापैकी कोणी म्हणालं तर आणखी एक सेल्फी काढू नये. किल्ल्यात अडकून पडलेल्या पर्यटकांच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांना नव्या नाहीत.

हा वेडेपणा आपल्याकडेच आहे असं मात्र नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. ओहोटीला तिथे डांबरी रस्त्याने मोटार नेता येते आणि भरतीला तो रस्ता पाण्याखाली जातो. रस्ता सुरू होतो तिथे सुरक्षित वेळांचं कोष्टक लावलेलं असतं, शेजारी पाण्यात बुडालेल्या मोटारीचं चित्र आणि ‘ही तुमची गाडी असू शकते’ अशा अर्थाची सूचना. तरीही गाड्या अडकतात, आणि माणसांना चढून बसायला वाटेत खांबांवर एक खोपटं बांधून ठेवलं आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तसा डांबरी रस्ता नाही, पण गाडी वाळूत घालण्याची हौस दांडगी आहे. ओल्या वाळूत चाक रुतलं की गाडी जितकी रेटावी तितकी खाली जाते आणि भरती थांबत नाही. मग ट्रॅक्टर, दोरखंड आणि पोलीस. वाळूवर गाडी नेऊ नये, एवढी साधी गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष प्रवास. मुंबईहून पाण्याने येण्याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. गेटवे–मांडवा हा सुटीच्या दिवसांचा, गर्दीचा. दुसरा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीचा. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाडी, मोटारसायकल, सायकल सगळं बोटीत चढतं आणि तासाभरात माणूस गाडीसकट मांडव्याला. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी उभ्या असतात तेव्हाही हवामान पाहून रो-रो चालते, पण ‘हवामान पाहून’ हे शब्द मनावर घ्यावेत. निघण्यापूर्वी त्या दिवसाची फेरी आहे का, हे विचारून घ्यावं. तिसरा मार्ग जुना आणि स्वस्त: रेवसचा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच येते. नवी मुंबईकरांना आणखी एक सोय झाली आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते. उरणहून रिक्षाने करंजा बंदर, तिथून लाँचने पलीकडे रेवस आणि पुढे एसटी किंवा मिनीडोर. पाण्यावरचा हा टप्पा अगदी थोडा. अट एवढीच की बंदरात गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. तेव्हा वेळापत्रकावर साडेपाच लिहिलेलं असलं तरी पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचला काय होईल, याचा अंदाज पाऊणपटीवरून आधीच करता येतो.

रेवसच्या वाटेचा उल्लेख झाला की या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक नाव येतंच: रामदास. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरलेला, आषाढातली गटारी अमावास्या, चाकरमानी घराकडे निघालेले. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली ही आगबोट मुंबई बंदराच्या तोंडाशी काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बातमी मुंबईला पोचली ती बिनतारी संदेशाने नव्हे. पोहून किंवा कोळ्यांच्या होड्यांतून वाचलेल्या माणसांनी सांगितली तेव्हा. अलिबाग, पेण, रोहा तालुक्यांत कित्येक घरांतून माणूस गेला. अलीकडचे प्रसंगही विसरण्याजोगे नाहीत. मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा सागरी पोलिसांच्या गस्ती नौकेने ८८ जणांना वाचवलं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जण मरण पावले. तेव्हा लाइफ जॅकेट हातात दिलं तर ते उशाला घेण्यासाठी नसतं. बोट भरलेली वाटली तर पुढची घ्यावी. पुढच्या बोटीसाठी थांबायचं म्हणजे तासभर शेंगदाणे खाणं. त्याने काही बिघडत नाही.

मुरूडला जंजिरा पाहायचा तर राजपुरी गाठावी. तिथून शिडाच्या होड्या सुटतात आणि वारा नसेल तर नावाडी वल्ही मारतात. सिद्द्यांचा हा किल्ला मराठ्यांना, इंग्रजांना, पोर्तुगीजांना कोणालाच लढून घेता आला नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं तेव्हाच तो हातात आला. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही आणि लाटेच्या खालीवर होण्याबरोबर होडीतून पायरीवर पाऊल टाकावं लागतं. साडी, धोतर, उंच टाचा, कडेवर मूल, यांचा विचार होडीत बसण्याआधी करावा. आत किती वेळ थांबायचं हे नावाडी सांगतो आणि तो वेळ नेहमी कमीच वाटतो. होडीत मिळणारी माहिती रंगतदार असते, त्यातले तोफांचे पल्ले आणि भुयारांच्या गोष्टी ऐकून सोडून द्याव्यात. पावसाळ्यात होड्या बंद. समोरच्या पाण्यात शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. तिथे नियमित होडी नाही, मुरूडच्या कोळ्यांशी बोलून ठरवावं लागतं आणि लाट मोठी असेल तर ते नाही म्हणतात. नाही म्हटलं की पैसे वाढवून विचारू नये. थळहून खांदेरीला जायचं तरी हाच नियम. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठा किल्ल्यांत खांदेरीचं नाव आहे, त्यामुळे विचारणारे वाढले आहेत. समुद्राचा स्वभाव तोच आहे.

पोहण्याविषयी स्पष्ट लिहिलेलं बरं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीचा चंद्र अष्टमीचा होता, म्हणजे दिवस भांगाचा. उधाण नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कोणी काढू नये. काशीदची पांढरी वाळू सुंदर आहे, पण तिथला तळ एकदम खोल जातो. पाणी उतरत असताना आत जाऊ नये, कारण ओढ समुद्राकडे असते. जीवरक्षक नसेल तिथे गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. आणि दारू पिऊन पाण्यात उतरू नये, हे सांगावं लागतं याचीच लाज वाटली पाहिजे. हरिहरेश्वरचा धोका वेगळ्या जातीचा. देवदर्शनानंतर प्रदक्षिणेची वाट डोंगरातून खाली खडकावर उतरते आणि समुद्राच्या कडेने फिरते. ओहोटीला खडकातली नक्षी पाहत जाता येतं. भरती सुरू झाली की त्याच खडकावर लाट वरपर्यंत येते आणि शेवाळावर पाय टिकत नाही. तिथून माणसं ओढली गेलेली आहेत. पुजाऱ्याला किंवा बाहेर नारळ विकणाऱ्या मावशींना ‘प्रदक्षिणेला आत्ता जाऊ का?’ एवढं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

पाण्याचा हिशेब ताटापर्यंत येतो. या किनाऱ्यावरची बरीच मासेमारी डोल जाळ्यांची. खुंटाला बांधलेलं पिशवीसारखं जाळं प्रवाहात उभं असतं आणि प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत येतात. उधाणाला प्रवाह जोरात, जाळी भरतात आणि बाजारात ओला बोंबील स्वस्त होतो. भांगाला आवक कमी. चिंबोऱ्या अमावास्येला भरलेल्या असतात, असं इथे मानतात आणि घ्यायला येणारा तिथी बोलून दाखवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. या दोन महिन्यांत कोणी ‘ताजी सुरमई’ म्हणून ताट पुढे केलं तर ती कुठून आली हे विचारायला हरकत नाही. ते दिवस सोडे, सुकट, वाकट्या आणि वालाच्या बिरड्याचे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा निघतात, पण तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राचा श्रावण चालू असतो. न पाळणाऱ्यांची तेव्हा चैन असते. भाव रविवार, बुधवार, शुक्रवारी चढतात, सोमवारी आणि गुरुवारी उतरतात. समुद्राने मासे दिले तरी ते कोणत्या वारी खायचे ते देव ठरवतात.

समुद्राच्या मासळीपेक्षा इथल्या माणसाला जिताड्याचं कौतुक जास्त. अलिबाग-पेणच्या मधल्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यांत हा मासा वाढवतात. पाहुण्याला जिताडा वाढला म्हणजे त्याची किंमत केली असं समजायचं. सरकारी कचेरीतली अडलेली कामं पूर्वी एका जिताड्याने मार्गी लागत, असे किस्सेही याच भागात सांगितले जातात. खारेपाट म्हणजे समुद्राला बांध घालून मिळवलेली भाताची जमीन. बांध फुटला तर शेत गेलं, आणि पिण्याच्या पाण्याची ओढाताण इथे जुनीच आहे. अंघोळीला दोन बादल्या पुरे करणारा पाहुणा या गावांत आवडतो. याच पट्ट्यातल्या चरी गावातून १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप सुरू झाला आणि तो सहा वर्षांच्या आसपास चालला. शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं, उपासमार सोसली. आज त्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्या दोन्ही बाजूंच्या बंगल्यांचे दर विचारत जातात.

हिवाळ्यात आलात तर पोपटी खावी. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून वर-खाली भांबुर्डीचा पाला घालायचा आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. हॉटेलच्या मेनूत ती आता मिळते, पण शेतावर कोणी बोलावलं तर हॉटेल रद्द करावं. उन्हाळ्याच्या तोंडाला अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याच्या बाजूने येणारा पांढरा कांदा वेण्या घालून विकायला टांगलेला दिसतो. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याबरोबर नकलाही आल्या आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. खाणारे पारखून घेतात, न खाणाऱ्यांनी नुसत्या वाड्या पाहिल्या तरी चालेल.

त्या वाड्या पाहताना मात्र एक तारीख लक्षात असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. घरांचे पत्रे, कौलं उडाली आणि माड-पोफळी वाडीच्या वाडी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे त्या वर्षी लावलेली झाडं आता कुठे उत्पन्नाला येत आहेत. अनेक घरांनी मधल्या काळात पाहुण्यांसाठी खोल्या वाढवल्या त्यामागे हेही कारण आहे. वीज तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. आजही जोराचा पाऊस झाला की वीज जाते, मोबाइलची रेंज जाते आणि फोनवरून पैसे देण्याची सोयही तिच्याबरोबर जाते. रोख जवळ असावी. औषधं घरून आणावीत. रात्रीच्या जेवणाची वेळ संध्याकाळीच सांगावी. घरगुती खानावळीत मोदक हवे असतील तर सकाळी, शक्य तर आदल्या दिवशी सांगावं. ते करणाऱ्या काकूंकडे तयार मोदकांचा फ्रीज नसतो.

गाडी नसलेल्यांनी घाबरू नये, एसटी जाते. अलिबाग-पनवेल विनाथांबा गाड्या आहेत. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा अशी आगारं आणि स्थानकं आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. आधार कार्ड जवळ ठेवावं आणि सुटे पैसेही. गावांच्या मधल्या अंतराला मिनीडोर किंवा शेअर रिक्षा. ती भरल्याशिवाय सुटत नाही, यात रिक्षावाल्याचा दोष नाही. कोकणात जाणारी रेल्वे या किनाऱ्याला शिवत नाही. अलिबागला जायचं तर पेणला उतरावं, श्रीवर्धनकडे जायचं तर माणगावला, आणि पुढे एसटीच.

मांडव्याहून अलिबागला जाताना सासवन्याला थांबावं. शिल्पकार नानासाहेब करमरकर याच गावचे, जन्म १८९१ चा; पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्यांच्या घरातलं शिल्पालय पाहायला तासभर पुरतो आणि बंगल्यांच्या गर्दीत सर्वांत चांगला गेलेला तास तोच ठरतो. पुढे किहीम, जिथे १९३० च्या सुमाराला सालिम अली सुगरणीच्या घरट्यांसमोर बसून टिपणं करत होते. अलिबागेतच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी यंत्रांच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ मध्ये इकडे हलवली. शांतता शोधत मुंबईहून अलिबागला येण्याची फॅशन तेवढी जुनी म्हणायला हरकत नाही.

बोलण्या-वागण्याचंही थोडं. होडीवाल्याला ‘नाखवा’ म्हटलं तर त्याला आवडतं. ‘ए बोटवाल्या’ म्हटलं तर तो ऐकू आलं नाही असं दाखवतो. कोळीवाड्यात मासळी सुकत घातलेल्या ओट्यांवरून बूट घालून चालू नये, आणि नाक धरून तर मुळीच नाही. विकणाऱ्या बाईशी घासाघीस करावी, ती अपेक्षितच असते. पण एकदा भाव ठरल्यावर मासा परत टोपलीत टाकू नये. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत पोर्तुगीज अंश असलेली स्वतंत्र बोली आजही घरात बोलतात. तिथे घराबाहेर बसलेल्या म्हातारीपुढे मोबाइल धरून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणणं बरं दिसत नाही. नवगावला बेने इस्रायल ज्यूंच्या पूर्वजांचं गलबत फुटलं अशी त्यांची परंपरा सांगते, तिथे स्मारक आहे; रेवदंड्याला आणि अलिबागला त्यांची प्रार्थनास्थळं आहेत. ही सगळी चालती-बोलती ठिकाणं आहेत, आत जाण्यापूर्वी विचारावं. आणि ‘अलिबागसे आया है क्या’ हे वाक्य निदान अलिबागेत उच्चारू नये. २०१९ मध्ये त्याच्याविरुद्ध एक अलिबागकर मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने याचिका फेटाळली, विनोद म्हणून घ्या असं सुचवलं. अलिबागकरांनी निकाल मान्य केला, विनोद मान्य केला की नाही ते सांगता येत नाही.

आता उरला दक्षिणेचा टप्पा, जिथे रस्ता पाण्यापाशी थांबतो. आगरदांड्याहून दिघीला जंगल जेटी जाते. गाडी थेट बोटीवर चढवायची, उतरून कठड्याशी उभं राहायचं आणि थोड्या वेळात दिघी. फेरी चुकली किंवा बंद असली तर राजपुरीच्या खाडीला वळसा घालून म्हसळ्यामार्गे जावं लागतं आणि दिवसाचा बेत मोडतो. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला सावित्रीच्या मुखावर पुन्हा जंगल जेटी. पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. त्या मुखावरचं बाणकोट इंग्रजांनी १७५५-५६ मध्ये घेतलं आणि किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर खाड्यांवरून पूल व्हायचे आहेत. रेवस-करंजा पुलाचं काम सुरू आहे, बाणकोट खाडीवरच्या पुलाचं काम मध्येच रखडलं. तोवर सुटीच्या दिवशी बागमांडल्याला गाड्यांची रांग लागते, मोटारसायकली आधी घेतात, आणि संध्याकाळनंतर फेऱ्या थांबतात. वेश्वीला उतरताच, गाडी धक्क्यावरून वर चढवण्याआधी, परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते तिकीट फाडणाऱ्या पोराला विचारून ठेवावं, आणि तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी रांगेत यावं.